कब्र नसलेले खलाशी

आमच्या आठवीच्या हजेरीपटावर यंदा एक सारंग, दोन तांडेल आणि एक नाखवा आहे. शब्द कुठून कुठे प्रवास करतात हे मराठीच्या तासाला शिकवायचे झाले की मी याच आडनावांपासून सुरुवात करते. सारंग म्हणजे फारसीतला सरहंग, टोळीचा म्होरक्या. नाखवा म्हणजे नाखुदा, नौकेचा धनी. सुकाणू हा शब्द मराठीचा अगदी घरचा वाटतो, पण तो अरबी सुक्कानमधून आला, आणि ते धरणारा तो सुकाणी. जहाजाला वाट दाखवणाऱ्याला आपले जुने लोक मालम म्हणत. मालम म्हणजे मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. इथे वर्ग हसतो, कारण मुलांना आपल्या टीचर जहाजाच्या नाळेवर उभ्या दिसू लागतात.

यंदा सारंग आडनावाच्या मुलीने हसण्याऐवजी विचारले, "टीचर, मग आमच्यातले कोणी खरेच जहाजावर होते का?" मी म्हटले, घरी जाऊन विचार. दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली. पणजोबा बोटीवर होते. लढाईत बोट बुडाली. बस्स. कुठली लढाई, कोणती बोट, कोणता समुद्र, हे घरात कोणालाच सांगता येईना.

तिला मी काय बोलणार? आमच्या घरीही एवढेच ठाऊक होते.

माझ्या दादीची थोरली बहीण, आम्ही तिला मोठी दादी म्हणायचो, इथेच पनवेलच्या मोहल्ल्यात राहायची. तिचे शौहर १९४२ साली मुंबईच्या गोदीतून बोटीवर चढले ते परत आले नाहीत. घरी एक कागद आला होता, इंग्रजीत. वाचून दाखवणाऱ्याने सांगितले, "बेपत्ता." त्या एका शब्दावर मोठी दादीने पन्नास वर्षे काढली. हातातल्या काचेच्या बांगड्या तिने उतरवल्या नाहीत, ती इद्दतीला बसली नाही, आणि कोणी चुकून 'मरहूम' म्हटलेच तर पानाला चुना लावता लावता हात थांबवून त्याच्याकडे बघत राहायची. शबेबरातीला घरातल्या सगळ्या गेलेल्यांच्या नावाने फातिहा व्हायची. त्यात तिच्या शौहरांचे नाव घ्यायचे की नाही यावरून दरवर्षी कुजबुज व्हायची आणि दरवर्षी ते राहून जायचे. ती गेली तेव्हा मी सातवीत होते.

माझा विषय इतिहास नव्हे, भाषा. पण गेल्या काही वर्षांत सुट्ट्यांमध्ये मी त्या एका शब्दाच्या मागे लागले आहे. हाती जे आले ते इथे लिहिते.

रायगड जिल्ह्यात समुद्रातल्या दुर्घटनेचा विषय निघाला की पहिले नाव येते रामदास बोटीचे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अजूनही जुलै आला की तिची आठवण निघते, आणि निघायलाच हवी. पण त्याआधी पाच वर्षे, याच मुंबई बंदरातून सुटलेली टिलावा नावाची बोट बुडाली होती. शिक्षकखोलीत मी विचारून पाहिले, एकीनेही नाव ऐकलेले नव्हते. रामदासची माणसे किनाऱ्याच्या टप्प्यात गेली. टिलावा बुडाली ती मुंबईपासून तीन दिवसांच्या वाटेवर. तिथून काहीच वाहत येत नाही.

टिलावा ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्क्स आणि डर्बनकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसे होती. ७३२ उतारू, २२२ खलाशी-नोकर आणि ४ तोफची. उतारूंमध्ये बहुतेक आफ्रिकेत दुकाने थाटलेली गुजराती कुटुंबे. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला, जपानी पाणबुडीचा पहिला पाणतीर लागला. गोंधळात लाइफबोटी खाली सोडल्या गेल्या. बोट लगेच बुडत नाही असे पाहून काही जण पुन्हा वर चढू लागले होते. तेवढ्यात दुसरा पाणतीर आला. चार दिवसांनी, २७ तारखेला, बर्मिंगहॅम ही युद्धनौका ६७४ वाचलेल्यांना घेऊन मुंबईला परतली. आणखी चौघे कार्थेज या जहाजाला सापडले. २८० गेले.

टिलावाच्या पोटात चांदी होती, २,३६४ लगडी, दक्षिण आफ्रिकेत नाणी पाडण्यासाठी निघालेली. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने अडीच किलोमीटर खोल पाण्यातून ती वर काढली. ती कोणाची यावर खटला चालला, आणि २०२४ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेवर असा दावा इंग्लंडमध्ये चालवता येणार नाही असा निकाल दिला. चांदीची लगड न लगड मोजलेली आहे. एवढे लिहून मी पुढे जाते, कारण यावर चिडण्यात माझ्या दोन सुट्ट्या गेल्या आहेत.

दुसरी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. टिलावा बुडवणाऱ्या जपानी पाणबुडीचा क्रमांक आय-२९. हाच क्रमांक मी आधी कुठेतरी वाचला होता, पण आठवत नव्हते. मग आठवले. जर्मनीहून निघालेल्या नेताजी सुभाषबाबूंना आणि त्यांच्यासोबतच्या हैदराबादच्या आबिद हसन यांना २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीतून उतरवून घेतले ती हीच आय-२९. टिलावानंतर जेमतेम पाच महिन्यांनी. आबिद हसन पुढे आझाद हिंद फौजेत होते. 'जय हिंद' हा नारा सुचवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि आम्ही तो अभिमानाने सांगतो. मीही वर्गात सांगते.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. एकाच पोलादी नळीत आमचा अभिमान प्रवास करून गेला आणि त्याच नळीतून सुटलेल्या पाणतिराने आमचीच माणसे बुडवली. यात नेताजींकडे किंवा आबिदसाहेबांकडे बोट दाखवायचे नाही, त्यांना ते ठाऊकही असण्याचे कारण नाही. पण खलाशी विसरला का गेला, याचे एक उत्तर मला इथे दिसते. आम्हा मुसलमानांना हल्ली याद्या करायची सवय लागली आहे. कोणी "तुम्ही देशासाठी काय केले" असे विचारले की आम्ही स्वातंत्र्यसैनिकांची यादी पुढे करतो. करावी लागते, त्याला इलाज नाही. पण व्यापारी जहाजावरचा खलाशी त्या यादीत बसत नाही. तो इंग्रजांसाठी लढला नाही आणि इंग्रजांविरुद्धही नाही. तो घरी मनीऑर्डर पाठवत होता. १९४६ च्या बंडातले नौसैनिक आपल्याला आठवतात, कारण त्यांनी झेंडा उतरवला. कोळसा ओढणाऱ्याने काय उतरवायचे?

हे लोक होते कोण? इंग्रज त्यांना लास्कर म्हणत. आपल्या मराठीत लष्कर म्हणजे फौज, त्यांच्या तोंडी त्याच फारसी शब्दाचा अर्थ आशियाई खलाशी असा झाला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० हिंदी खलाशी होते, म्हणजे साधारण चारांतला एक. भरती मुख्यतः दोन बंदरांत व्हायची. कलकत्त्याला सिल्हेट, नोआखाली, चितगावचे लोक. मुंबईला रत्नागिरी, कुलाबा आणि जंजिऱ्याकडचे आपले कोकणी मुसलमान, गुजरातचे खारवे, गोव्याचे ख्रिस्ती, पंजाब आणि सरहद्दीकडचे लोक. ढोबळमानाने डेकवर कोकणी आणि गुजराती, इंजिनघरात पंजाबी-पठाण, सलूनमध्ये आणि भटारखान्यात गोवेकर. मुंबईत गोवेकरांचे कुड्ड होते, तर आपल्या लोकांच्या डोंगरी-माझगावकडे गावजमातीच्या खोल्या. बोट मिळेपर्यंत तिथे चटई टाकून पडायचे, आणि बोट मिळायची ती सारंगाच्या मर्जीने. त्या मर्जीची किंमत असे, आणि ती आगाऊ पगारातून किंवा सावकाराकडून यायची. आडनाव सारंग असलेल्या घरांना हे वाचून वाईट वाटू नये. सारंगही कोणाचा तरी देणेकरी असायचा.

कायद्यानेच या खलाशाची जागा ठरवलेली होती. जहाजावर झोपण्या-वावरण्यासाठी लास्करला ३६ घनफूट, गोऱ्या खलाशाला १२०. पगार गोऱ्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. दिनकर देसाई यांनी याच सुमारास हिंदी खलाशी-कामगारांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले. ते भारत सेवक समाजाचे, मुंबईतल्या खलाशांच्या संघटनेत काम करणारे. कर्नाटकात मात्र हेच देसाई चार ओळींच्या चुटक्यांचे कवी म्हणून प्रसिद्ध आहेत. माणूस कुठे कशासाठी आठवला जाईल याचा काही नेम नाही.

युद्ध लागताच पहिला आवाज याच लोकांनी केला, हे मला वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या मनात त्यांचे चित्र म्हणजे मुकाट बुडणारे बिचारे. सप्टेंबर १९३९ पासून लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोच्या गोद्यांत आणि पुढे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, ब्रह्मदेशातल्या बंदरांत हिंदी खलाशांनी जहाजावर चढायला नकार दिला. मागणी साधी होती. पाणतीर गोरा-काळा पाहत नाही, तर जोखमीचा भत्ता तरी का पाहावा? इंग्लंडमध्ये सुरत अली नावाच्या पुढाऱ्याने त्यांना एकत्र आणले, कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगने वकील दिले. शेकडो खलाशी तुरुंगात गेले. पगार वाढले, पुढे आणखी वाढले, पण बरोबरी कधी झाली नाही.

आता पाणतीर लागल्यानंतरचे.

व्यापारी जहाजे ताफ्याने जात, आणि ताफ्याचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वात मंद जहाजाचा वेग. एखादे जहाज बुडू लागले तर बाकीच्यांनी थांबायचे नाही असा नियम होता, कारण थांबलेले जहाज म्हणजे पुढचे सावज. बुडालेल्यांना उचलण्यासाठी ताफ्याच्या मागे खास जहाजे ठेवायला १९४१ पासून सुरुवात झाली, तीही सगळ्या ताफ्यांना नव्हती. पाणतीर इंजिनघराच्या बाजूला लागला तर आगवाले आणि कोळसेवाले शिडीपर्यंतही पोहोचत नसत. डेकवरचे लाइफबोटीपर्यंत पोहोचत, आणि मग खरे हाल सुरू होत.

सिटी ऑफ बेनारस हे जहाज इंग्लंडमधली ९० मुले सुरक्षित जागी, कॅनडात, पोहोचवायला निघाले होते. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री उत्तर अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवले. युद्धनौका त्याच दिवशी पहाटे ताफ्याला सोडून गेल्या होत्या. ७७ मुले गेली. ही गोष्ट इंग्लंडमध्ये प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच जहाजावर १६६ हिंदी खलाशी होते आणि त्यातले शंभराहून अधिक गेले, हे त्या गोष्टीत बहुधा खाली कुठेतरी येते. एक लाइफबोट कोणाच्या नजरेस न पडता आठ दिवस भरकटत राहिली. तीत सहा मुलगे, एक शिक्षिका, एक पाद्री आणि सुमारे तीस हिंदी खलाशी. विमानातून दिसल्यावर त्यांची सुटका झाली. शिक्षिका मुलांना जागे ठेवायला गोष्टी सांगत होती, त्यांचे गारठलेले पाय चोळत होती. तिचे नाव मेरी कॉर्निश. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे तिच्याबद्दल वाचताना डोळे भरून आले. मग मनात आले, त्याच बोटीत दुसऱ्या टोकाला बसलेले ते तीस जण एकमेकांना काय सांगत असतील? मॅट्रिक सोडा, सही करणारेही त्यांच्यात थोडेच असणार. त्यांची हकिकत लिहून घ्यायला कोणी बसले नाही. सुती कपड्यांतल्या माणसांना उत्तर अटलांटिकचा वारा लागतो तेव्हा आधी पायाची बोटे बधिर होतात, मग झोप येते. त्या झोपेतून उठवायला शेजारी कोणी लागते.

सगळ्यांचे दैव सारखे नसते. टिलावा बुडाली त्याच २३ नोव्हेंबर १९४२ ला, दुसऱ्याच महासागरात, बेनलोमंड नावाचे जहाज बुडाले. त्यावरचा पून लिम नावाचा चिनी नोकर एका तराफ्यावर १३३ दिवस एकटा तरला आणि ब्राझीलच्या कोळ्यांना सापडला. जहाजावरचा तोच एक वाचला.

आणि हिंदी महासागरातला तो ताफा. १२ फेब्रुवारी १९४४. मोंबासाहून कोलंबोला निघालेल्या पाच जहाजांतल्या खेदिव इस्माईल या जहाजाला मालदीवजवळ पाणतीर लागले. दोन मिनिटांच्या आत ते पाण्याखाली गेले. पूर्व आफ्रिकेचे तोफची, परिचारिका, नौसैनिक, खलाशी, मिळून १,२९७ माणसे गेली. जे थोडे वर तरंगत होते त्यांच्याच खाली पाणबुडी दडली होती. संरक्षक युद्धनौकांनी पाणबुडी मारण्यासाठी त्या पोहणाऱ्यांच्या मध्येच पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले. पाणबुडी बुडाली. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर युद्धाचे जाणकार बोलतात. मी एवढेच म्हणेन की, तो निर्णय घेणारा माणूस पुढे नीट झोपला असेल असे मला वाटत नाही.

युद्ध संपल्यावरच्या हिशेबात हिंदी खलाशांचे मृत्यू ६,६००, जखमी १,०२२ आणि कैदेत १,२१७ असे आकडे येतात. कैदेतल्या काहींनी जर्मनीत ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीत वर्षे काढली. कैदेतला निदान पत्र तरी पाठवू शकतो. मला छळणारा शब्द मात्र या तीन रकान्यांच्या मधला आहे, बेपत्ता.

घरी बसलेल्या बाईसाठी बेपत्ता म्हणजे काय? इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती मोजायला तारीख लागते. युद्धात जहाजे बुडाल्याच्या बातम्या दाबून ठेवल्या जात, तारीख कळायलाच महिने लागत, आणि तारीख कळली तरी माणूस त्यात गेलाच का हे सांगणारे कोणी नसे. कोण जाणे, कुठल्या बेटावर लागला असेल. पून लिमसारखे कोणी तरलेले असतेच ना.

आपल्या फिक्हने हा प्रश्न फार जुन्या काळी हाताळला आहे. हरवलेल्या माणसाला मफकूद म्हणतात. हनफी मतानुसार त्याच्या बायकोने जवळजवळ त्याचे आयुष्य सरेपर्यंत थांबायचे. आपण कोकणी लोक शाफई. इमाम शाफईंचे आधीचे मत चार वर्षांचे होते, नंतरचे मत मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबावे असे. मालिकी मतात चार वर्षे. हंबली ग्रंथांत तर फुटलेल्या जहाजाचेच उदाहरण दिलेले आहे, तिथेही चार वर्षे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी बायकांची ही कोंडी पाहून मालिकी मत स्वीकारण्याची वाट मोकळी केली, आणि त्याच चर्चेतून मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १७ मार्च १९३९ ला झाला. त्यातले पहिलेच कलम, शौहरचा ठावठिकाणा चार वर्षे लागत नसेल तर बायको कोर्टातून निकाह रद्द करून घेऊ शकते. हुकूम झाल्यावरही सहा महिने थांबायचे, न जाणो तो परत आला तर.

तारीख पुन्हा पाहा, मार्च १९३९. सहा महिन्यांनी युद्ध लागले. जणू आमच्या खलाशांच्या बायकांसाठीच हा कायदा वेळेवर आला होता. मोठी दादीला तो लागू होता. १९४६ साली तिची चार वर्षे भरली, तेव्हा ती चोविशीतली होती. कोणी तिला सांगितले नाही असे मी पूर्वी समजत होते आणि मनातल्या मनात सगळ्या घरावर रागावत होते. मागच्या वर्षी वालिदांनी सांगितले, तसे नव्हते. तिला सांगितले होते. तिच्या भावाने वकिलाकडे जायची तयारीही केली होती. ती म्हणाली होती, "कोर्टात जाऊन मी काय सांगू? तो हरवला म्हणून? तो हरवायला काय लहान पोर आहे?"

दुसरीही एक वाट होती. मय्यत समोर नसताना नमाज-ए-जनाजा पढणे शाफई मतात जायज आहे. हजरत पैगंबरांनी हबशाचा बादशहा नजाशी याच्यासाठी अशी नमाज पढली होती, तोच आधार. हनफी ते मानत नाहीत, पण आपल्याकडे अडचण नव्हती. शिवाय बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा आहे. म्हणजे घरातल्या शहीदाची गायबाना नमाज पढता आली असती. पण जनाजा मेलेल्याचा असतो, बेपत्ताचा नाही. मोठी दादी जिवंत असेतो ती नमाज कोणी सुचवण्याचे धाडस केले नाही. म्हणजे मजहबनेही दार उघडे ठेवले होते आणि कायद्यानेही. अडून बसला होता तो कागदावरचा शब्द.

मग मी नाव शोधायचे ठरवले. पनवेलहून हार्बर लाइनची गाडी थेट मस्जिद स्टेशनला नेऊन सोडते, सव्वा तासाची वाट. तिथून चालत पी. डिमेलो रोडवर इंडियन सेलर्स होम आहे. आपली किती माणसे मस्जिद बंदरला मालखरेदीसाठी जातात, या इमारतीवरून जातात! पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची नावे तिथल्या स्मृतिदालनात ब्राँझवर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी भिंत नाही, एक पुस्तक आहे. हिंदी नौदलाचे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे ६,००० खलाशी त्यात आहेत. त्याच पुस्तकाची हुबेहूब दुसरी प्रत आज बांगलादेशात, चितगावच्या युद्धकब्रस्तानात ठेवलेली आहे. लंडनच्या टॉवर हिलवर ब्रिटिश व्यापारी खलाशांचे मोठे स्मारक आहे. आपल्यांच्या वाट्याला हे पुस्तक आले, मुंबईला एक आणि चितगावला एक.

हीच नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. तिथे मला मोठी दादीच्या शौहरांचे नाव सापडले. तीनदा. तिघेही १९४२ चे, तिन्ही जहाजे वेगळी, तिन्ही समुद्र वेगळे.

यात नवल नाही. मुंबई आणि कलकत्ता एकाच यादीत. कोकणातला अब्दुल्ला आणि सिल्हेटचा अब्दुल्ला कागदावर एकच. आडनाव लिहून घ्यायची पद्धत नव्हती, बापाचे नाव कुठे आहे, कुठे नाही. आणि अक्षरे! उर्दू शिकवताना मी मुलांना काफ आणि क्वाफ, अलिफ आणि ऐन यांतला फरक घोटून घेते. गोदीतला कारकून कानाने ऐकून रोमन अक्षरांत लिहीत होता. त्याला ऐन कुठून ऐकू येणार? एकच इब्राहिम कुठे 'ई'ने सुरू होतो, कुठे 'आय'ने. हुसेनच्या मधला 'स' कुठे एक, कुठे दोन. नाव सांगणाऱ्याला वाचता येत नव्हते, लिहिणाऱ्याला ऐकता येत नव्हते. त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी आमचे खालूजान राहून गेले.

शबेबरातीच्या रात्री माझा भाऊ फातिहा पढायला बसला तेव्हा मी त्याच्यापुढे चिठ्ठी ठेवली. त्यावर एकच नाव तीनदा, पुढे तीन तारखा. तो म्हणाला, "आपा, आपला तर एकच ना?" मी म्हटले, "एकच. पण कोणता ते कळत नाही. तिघांसाठी पढ." वालिद काही बोलले नाहीत. मोठी दादीच्या बांगड्या अजून आमच्या कपाटात एका डबीत आहेत, त्या रात्री त्यांनी ती डबी काढून चिठ्ठीशेजारी ठेवली.

वर्गातल्या त्या मुलीने परवा एक कागद आणला. तिच्या दादीने पणजोबांचे नाव उर्दूत लिहून दिले आहे, थरथरत्या हाताने, पण ऐन अगदी नीट काढलेला. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी ते नाव रोमन अक्षरांत लिहीत बसलो होतो, गोदीतल्या कारकुनाने जसे ऐकले असेल तसे. आतापर्यंत सात प्रकारे लिहून झाले आहे.